चीडाच्या करपलेल्या सुया

"उद्या सकाळी कुऱ्हाड येणार!" मैमूना धापा टाकत म्हणाली. "अम्मी म्हणते, वाळकं झाड अंगणात नको."

मच्छिंद्र मधली बुटकी भिंत ओलांडून आला. शहागडच्या हमरस्त्यालगत दोघांची शेजारी घरं. मैमूनाच्या अब्बांनी, गुलाम नबींनी, ट्रक घेऊन जम्मूकडे गेले असताना तुपाच्या डब्यात चीडाचं, म्हणजे डोंगरातल्या पाइनचं, रोप आणलं होतं. ते आता पत्र्यांच्या वर गेलं होतं. पण त्याची सुईसारखी पानं टोकाकडून करपून गळत होती.

"तुझ्या आईच्या मोरीतून झाडाला येणाऱ्या साबणाच्या पाण्यानं," मैमूना म्हणाली.

"तुझी अम्मी तसं बोलली म्हणून आईनं रागानं मोरीला बोळा कोंबलाय. पाणी बंद झालं, गळती थांबली का?" मच्छिंद्र झाडाभोवती फिरत राहिला. त्याला एका जागी उभं राहवेना. "अन् हे बघ. मोरीकडची बाजू हिरवी. करपलंय ते रस्त्याकडचं."

मैमूनानं करपलेल्या सुया चिमटीतून ओढल्या. बोटं काळी झाली. "रबराचा वास!"

रस्त्यापलीकडं तातेरावांचं टायरचं दुकान. आतली तार काढायला ते रोज संध्याकाळी जुने टायर जाळत. दोघांनी जाऊन त्यांना काळ्या सुया दाखवल्या.

"माझा धूर सरळ वर जाऊन राह्यला, देवाकडं," तातेराव हसले. "पळा."

मच्छिंद्रनं त्यांच्या खुंटीवरच्या पांढऱ्या सदऱ्याकडं पाहिलं. "मामा, उद्या तीर्थपुरीला लग्नाला जाणार ना? द्या, नीळ देऊन धुतो."

"गुणाचं पोरगं!"

मच्छिंद्रनं सदरा धुतला आणि चीडाच्या रस्त्याकडच्या फांदीवर वाळत घातला.

दिवस मावळताना, रोजचे टायर जाळून, तातेराव सदरा न्यायला आले आणि थबकले. सदराभर काजळीचे ठिपके.

"कुणाचा हा कारभार?"

"तुमच्याच धुराचा, मामा," मैमूना म्हणाली. "सदरा धुता येतो. सुया वर्षानुवर्षं फांदीवर राहतात, रोज तोच धूर खातात."

आवाज ऐकून दोन्ही घरं बाहेर आली. तातेरावांनी सदरा पाहिला, फांदी पाहिली. "तार कापून काढीन," ते पुटपुटले. "जाळणार न्हाई."

गुलाम नबींनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. मुलूखभर ट्रकचा धूर सोडत फिरलो, पण अंगणातला धूर मला न्हाई दिसला. कुऱ्हाड रद्द."

मैमूनाची अम्मी आमिना मात्र भिंतीजवळ गेली. पलीकडं मच्छिंद्रची आई झुंबरबाई उभी होती.

"झुंबर, करपल्या सुया काही हिरव्या व्हायच्या न्हाईत. नव्या येतील." ती अडखळली. "पण झाड तहानलंय गं. पाणी कधी सोडतेस?"

झुंबरबाईनं वाकून मोरीतला बोळा ओढून काढला.