सैल पडलेला वेढा

"कशा पडलात?" प्लास्टरवाल्याने विचारलं.

"पडले नाही. झाड वाकवत होते."

ओली पट्टी हातात तशीच धरून तो थांबला. "झाडावरून पडलात?"

"नाही हो. झाड माझ्या मांडीवर होतं."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग उजेडाच्या काचेवर लावलेल्या तिच्या मनगटाच्या एक्स-रेकडे. "केवढं होतं झाड?"

तिने चांगला हात टेबलावर आडवा ठेवून दाखवला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

"एवढंसं... आणि हाड तुमचं मोडलं?"

"त्याचं सगळं सुखरूप आहे," ती म्हणाली.

तो हसला नाही, पण हसू आवरताना त्याचे कान हलले. ते तिला दिसलं. त्यालाही कळलं की तिला दिसलं. मग तो मान खाली घालून पट्टी गुंडाळू लागला.

तिचं दुकान बोन्सायचं होतं. मोठी होऊ शकणारी झाडं पसरट कुंडीत लहान ठेवायची, त्यांना वळण द्यायचं, हे तिचं काम. वळण देणं म्हणजे खोड वाकवणं. ते नुसत्या जोरावर वाकत नाही. जोर लावला की साल आतल्या लाकडापासून सुटते आणि फांदी मरते. म्हणून आधी ताडाच्या पानांचा वाख पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की त्याच्या सपाट पट्ट्या खोडाभोवती घट्ट गुंडाळायच्या, वरून तार घालायची आणि मग अंगठ्यांनी, हळूहळू, खोडाला कान लावून वाकवायचं. या कामाला चार हात लागतात. दोन वाख ओढून धरायला, दोन गुंडाळायला.

त्या चार हातांतले दोन आत्याचे होते. आत्यानेच तिला वाढवलं, आत्यानेच शिकवलं. मागच्या वर्षी आत्याचे गुडघे साथ देईनासे झाले तेव्हा तिचा मुलगा येऊन तिला लांब आपल्या घरी घेऊन गेला. तेव्हापासून दुकानात ती एकटी. दोनच हातांनी वाकवायला गेली, खोड निसटलं आणि मनगट बाकाच्या कडेवर आपटलं. गिऱ्हाइकं येत, पाणी किती घालायचं ते विचारत आणि जात. दिवसभरात तिच्या तोंडून जी वाक्यं निघत ती बहुतेक पाण्याबद्दलची असत.

"तुम्ही अर्ध्यावर अर्धा वेढा घेता," ती त्याच्या हातांकडे बघत म्हणाली. "प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचा अर्धा भाग झाकते. छान."

"इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." तो जरा गोंधळला. "लोक छताकडे बघतात. नाहीतर बिलाबद्दल विचारतात."

"आम्हीही असंच गुंडाळतो."

"झाडाला?"

"झाडाला."

त्याने तिची बोटं एकेक करून दाबली. नख पांढरं व्हायचं, परत गुलाबी. "रक्त जायला वाट ठेवावी लागते," तो म्हणाला. "माणूस सुजतो. त्यामुळे पट्टीखाली थोडी जागा सोडायचीच. हाताला सवयच लागलीय. आता हे गरम होईल, घाबरू नका. सुकेपर्यंत मी धरून ठेवतो."

प्लास्टर खरंच गरम झालं. त्याच्या दोन्ही तळव्यांमध्ये तिचा हात स्थिर होता. खोलीत चुन्यासारखा ओला वास होता आणि भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. कुणी आपला हात इतका वेळ हातात धरून ठेवल्याला किती काळ लोटला, ते तिने आठवून पाहिलं आणि मग नकोच म्हणून सोडून दिलं.

"तुमचं काम बरं," ती उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली. "दिवसभर माणसं."

"येतात, आणि हात बरा झाला की माझ्याच समोर माझं काम कापून टाकतात." त्याने खांदे उडवले. "त्यांचं बरोबरच आहे म्हणा. कुणी जपून ठेवणार थोडंच."

"घरी कोण असतं?"

"एक खिडकी आहे. रस्त्याच्या बाजूला उघडते."

अशा खिडकीशी तिची चांगली ओळख होती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आत्याचा फोन आला.

"खारूताई, हात मोडून घेतलास म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या कुलूपवाल्याने. त्याला सांगून ठेवलंय मी, तुझ्यावर लक्ष ठेव म्हणून. आता पुरे झालं. दुकान आवर आणि इकडे ये. एकटीने दोघींचं काम होत नाही, बाई."

"जुनिपर वाकवायचाय अजून."

"एका हाताने? की दातांनी?"

हात मोडला तो याच जुनिपरपायी; सुईसारख्या पानांचं हे झाड आत्याने रोपापासून वाढवलं होतं. कड्यावरून खाली झुकल्यासारखं त्याला वळण द्यायचं, हे भाचीच्या मनात किती दिवसांपासून होतं. खोड अंगठ्याएवढं झालेलं. थंडी सरत आली होती. या हंगामात वाकलं नाही, तर पुढच्या वर्षी ते हट्टी होऊन बसणार.

"हे बघ आत्या," ती म्हणाली, "जुनिपर वाकला तर मी इथेच राहते. नाही जमलं, तर येते तुझ्याकडे. कायमची."

आत्या म्हणाली, "शब्द दिलास हं. माझ्या सुनेला पलंग रिकामा करायला सांगते."

प्लास्टर नीट बसलंय का ते दाखवायला ती पुन्हा दवाखान्यात गेली. तो म्हणाला, बसलंय. ती उठली नाही.

"तुमची सुट्टी कधी असते?" तिने विचारलं.

"रविवारी. का?"

"एका पेशंटला पट्टी बांधायचीय. तो इथे येऊ शकत नाही, कुंडीत आहे."

या वेळी मात्र तो हसला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दारातून आत येतानाच एका मॅपलच्या फांदीत अडकला. आत्याच्या स्टुलावर वाखाची जुडी पडली होती. ती उचलून तिने त्याला बसायला जागा करून दिली. काचेच्या छपरातून ऊन उतरत होतं. बादलीत वाख भिजत होता, ओल्या गवताचा वास येत होता.

"हा पेशंट?" त्याने जुनिपरकडे पाहिलं. "यानेच तुम्हाला मारलं?"

"त्याच्याशी नीट बोला. रागीट आहे."

तिने डाव्या हाताने पट्टीचं टोक बुंध्याशी दाबून धरलं, त्याने गुंडाळायला सुरुवात केली. खालून वर, अर्ध्यावर अर्धा वेढा. काय सुरेख हात होता त्याचा. एकही पट्टी पिळली नाही, एकही सुटली नाही. गुंडाळता गुंडाळता तो त्याच्या खिडकीबद्दल सांगत होता. समोरच्या घरातली बाई रोज जेवायला दोन ताटं घेते आणि एक तसंच उचलून ठेवते. तो हे कुणाजवळ बोलला नव्हता.

"तुम्ही ते बघता रोज?"

"माझंही ताट असतंच की समोर," तो म्हणाला. "मीही जेवत असतो. तिला ठाऊक नाही, पण... आम्ही दोघं एकत्र जेवतो."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि इथेच चुकली.

आत्याचा नियम होता, गुंडाळून झालं की अंगठा दाबून वेढा फिरवून बघायचा. सालीवर सरकला, तर सगळं सोडून पुन्हा गुंडाळायचं. हा नियम ती झोपेतही विसरली नसती. त्या दिवशी विसरली.

त्यांनी तार घातली. तिने डावा अंगठा खोडाच्या पोटाशी लावला, त्याने उजवा. "हळू," ती म्हणाली. "अजून... अजून थोडं..." खोड झुकू लागलं. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की त्याचा श्वास तिच्या कपाळावर येत होता.

कट्.

आवाज बारीक होता, पण दोघांनाही ऐकू आला. तिने हात जागच्या जागी थांबवला. बाकाच्या कडेला लाकूड घट्ट धरणारा शिकंजा होता, त्यात खोड होतं तसं अडकवलं आणि वाखाखाली अंगठा घातला. अंगठा सहज आत गेला.

"हे सैल आहे," ती म्हणाली.

"थोडी जागा ठेवली होती... सुजलं तर..."

"झाड सुजत नाही." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ते माणूस नाही. जागा मिळाली की साल तिथेच फाटते. मी तुम्हाला बोलवायलाच नको होतं. जा तुम्ही."

तो उठला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तिने पाठ फिरवली होती. दार लागल्याचा आवाज झाला. या वेळी तो कुठल्याच फांदीत अडकला नाही.

तिने आत्याला फोन लावला.

"चिरलं," ती म्हणाली.

"किती?"

"नखाएवढं. बाहेरच्या अंगाला. ज्याला मदतीला बोलावलं त्याने सैल गुंडाळलं."

"आणि तू अंगठा फिरवून बघितलास?"

तिने अंगठा मुठीत मिटला.

"बोल की, खारूताई. तू काय बघत होतीस?"

"तो... बोलत होता."

आत्याचा आवाज मऊ झाला. "बरं. चिरलं म्हणजे मेलं नाही. सरळ करू नकोस, तसंच राहू दे. चिरेला मलम लाव, ओलं फडकं गुंडाळ. पण उद्यापर्यंत वाख आवळून बांधायलाच हवा, नाहीतर आत हवा शिरून वाळेल. कोण बांधणार?"

"कुणी नाही. तू सुनेला सांग, येतेय मी."

"पलंग कुठे पळून जात नाही," आत्या म्हणाली. "आधी झाडाचं बघ."

त्या रात्री ती फार झोपली नाही. सकाळी फडकं पुन्हा ओलं केलं आणि दवाखान्यात जाऊन प्लास्टरच्या खोलीबाहेर रांगेत बसली. तिच्या मागे पाय मोडलेला एक पोस्टमन होता आणि एक आजीबाई, गळ्यात हात अडकवलेल्या.

तिचा नंबर आला. त्याने दार उघडलं, तिला पाहिलं आणि नजर तिच्या प्लास्टरवर नेली. "हे अजून काढायचं नाही."

"त्यासाठी नाही आले."

"मग?"

इतक्या लोकांसमोर तिला बोलता येईना. कुणाकडे काही मागायची सवयच राहिली नव्हती तिला. आत्या असताना मागावं लागलं नव्हतं, आणि आत्या गेल्यावर मागायला कुणी उरलं नव्हतं.

"काल तपासायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मी तपासलं नाही. तुमच्याकडे बघत बसले. ओरडले मात्र तुमच्यावर. आता ते पुन्हा बांधायला हवंय, आणि माझ्याने एकटीने... होत नाही."

पोस्टमन चप्पल न्याहाळू लागला. आजीबाई मात्र सरळ बघत होत्या. "अहो, जा की," त्या त्याला म्हणाल्या. "माझा हात काय, तासाभरानेही मोडलेलाच राहणार आहे."

त्याने सगळ्यांचं काम नीट उरकलं, आजीबाईंचंही, आणि दुपारच्या सुट्टीत तिच्याबरोबर निघाला.

जुना वाख सोडला. चीर दिसली, आत ओली, फिकट हिरवी. "जिवंत आहे," ती पुटपुटली. नवी पट्टी त्याच्या हातात दिली. "ओढा."

त्याने ओढली.

"अजून."

"दुखेल त्याला."

"नाही दुखत. सोडलं तर जास्त दुखेल. अजून ओढा."

इतकी वर्षं जे न करायला तो शिकला होता, तेच करत होता. प्रत्येक वेढ्यानंतर ती अंगठा दाबून बघत होती आणि मान हलवत होती. शेवटची गाठ बसेपर्यंत एक टोक तिच्याकडे होतं, एक त्याच्याकडे. कुणालाच सोडता येत नव्हतं. घामाचा एक थेंब त्याच्या नाकावर येऊन थांबला होता. तिने प्लास्टरच्या कडेने तो पुसला. खरखरीत लागलं असणार, पण तो हलला नाही.

गाठ बसली. खोड झुकलेलं होतं आणि तसंच राहिलं.

"वाकलं," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही इथेच राहणार?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काल बाहेर पडलो तेव्हा कुलूपवाल्याने हाक मारली. म्हणाला, तिची आत्या सांगत होती, झाड मोडलंत तर पोरगी जाईल." त्याने बोटं चोळली. वाखाने ती लाल झाली होती. "मी काल घरी जाऊन जेवलो नाही."

ती जुनिपरकडे बघत राहिली. "जगेल की नाही ते इतक्यात नाही कळत. नवे कोंब फुटले तर कळेल. दोनतीन महिने तरी."

"तोवर थांबाल?"

"थांबावं लागेल."

"आणि कोंब फुटले की?"

"मग तार काढायची. वाख सोडवायचा. रुततोय का, ते अधूनमधून बघावं लागतं. वर्ष जातं त्यात. मग दुसरी फांदी." तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही. "सगळं दोघांचं काम आहे."

तो म्हणाला, "मी येईन. दर रविवारी."

"जेवता रोज ना?" ती म्हणाली. "मग रविवारीच कशाला?"