पुसायचा आवाज

ती गेली त्या दुपारी स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. लाल दिवा म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू. दार उघडायचं नाही, फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. नियम त्याचाच. मेहुणीचे नऊ फोन येऊन गेले होते. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा दहावा वाजत होता.

"भावोजी, किती वेळ हो..." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "ताई गेली. भाजी निवडता निवडता म्हणाली, जरा टेकते... आणि मान टाकली. डॉक्टर येऊन गेले."

"बरं," तो म्हणाला.

आत जाऊन त्याने वादकांना सांगितलं, आज एवढंच. मग हाताच्या सवयीने सगळ्या वायरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवल्या आणि घरी गेला. त्या 'बरं'ची त्याला अजून लाज वाटते.

तीस वर्षांपूर्वी ती त्याला पहिल्यांदा दिसली तीही रेकॉर्डिंगच्याच खोलीत, काचेपलीकडे. तो तेव्हा ध्वनिमुद्रण शिकत होता. खरं काम कसं चालतं ते बघायला त्याला आठवडाभर एका स्टुडिओत पाठवलं होतं. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. शिंक आली तर गिळायची."

काचेपलीकडे एक मुलगी गात होती. साधी वेणी, कानावर मोठे हेडफोन, एक हात पोटाशी. दोनच प्रयत्नांत तिने अख्खं गाणं गाऊन टाकलं. त्याला वाटलं, झालं गाणं.

मास्तर हसले. "अरे, हा कच्चा आवाज. उद्या मोठ्या बाई येतील, हिचं ऐकून गातील. मग हिचं पुसायचं. ते काम तू कर, तेवढंच शिकशील."

चहाच्या वेळी ती जिन्यात उभी होती.

"उद्या तुमचा आवाज पुसायचं काम माझ्याकडे आहे," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"अरे वा! म्हणजे तुम्ही माझे खोडरबर."

"आणि... नाही पुसला तर?"

"तर मास्तर तुम्हाला पुसतील."

"चालेल."

"चालेल काय? चहा घ्या, गार होतोय." असं म्हणून तिने मान वळवली, पण हसू लपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई गाऊन गेल्या. त्याने तिचा आवाज पुसला नाही. कळ ओढून नुसता खाली आणून ठेवला. पार तळाला नेला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण त्याला तो ऐकायचा होता, म्हणून केसभर वर ठेवला. संध्याकाळी बाई गाणं तपासायला आल्या. अर्ध्यावर त्यांनी हेडफोन काढले.

"माझ्या आवाजाखाली कोण आहे?"

मास्तरांनी घाईने तो आवाज पार तळाला नेला.

"त्या मुलीला पुन्हा बोलावू नका," बाई म्हणाल्या आणि गेल्या. चूक कोणाची, हे ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत.

सकाळी ती तरातरा आली. "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"इतकं छान गायलात, मला पुसवेना..."

"तुमच्या त्या छानपायी माझं काम गेलं! बाईंनी नाही म्हटलं की सगळ्यांनी नाही म्हटलं. कळतं का काही?" तिचे डोळे भरले होते. "पुसा आधी. माझ्यासमोर."

त्याचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. तिने त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. टेप सरकेल तसतसाच आवाज पुसला जायचा; तीन मिनिटं, गाणं संपेपर्यंत, दोघांनी बोटं काढली नाहीत.

त्या दुपारी तो बाईंच्या घरी जाऊन उभा राहिला. "चूक माझी आहे. तिला काहीच माहीत नव्हतं."

बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "प्रेमात पडलायस का रे तिच्या?"

"हो."

बाई खो खो हसल्या. तिचं काम परत मिळालं. चार दिवसांनी जिन्यात तिने त्याला अडवलं.

"बाईंना सांगितलंत, आणि मला नाही?"

"तुम्ही... विचारलंच नाही."

"मग आता विचारते."

त्याने सांगितलं. जिन्यातून ये-जा चालू होती, म्हणून हळूच सांगावं लागलं.

लग्न झालं. पुढे त्याचा स्वतःचा स्टुडिओ झाला. ती दुसऱ्यांसाठी कच्चं गात राहिली आणि तो पुसत राहिला. शेजारी बसून म्हणायची, "पूस रे, लाजतोस काय?" तिने स्वतः एक चाल बांधली होती. मुखडा आणि दोन कडवी. हे मात्र कोणी पुसायचं नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तारीख रिकामी मिळाली की रेकॉर्ड करू, असं तो दर वर्षी म्हणायचा. खोली त्याचीच होती, पण रिकामी नसायची.

ती जायच्या आधीच्या महिन्यात एकदाची रिकामी सकाळ मिळाली. ती मुखडा गायली, पहिलं कडवं गायली. तेवढ्यात पुढची मंडळी वेळेआधीच येऊन बाहेर बसली.

"पाच मिनिटं दे की," ती म्हणाली.

"ताटकळलेत गं ते. उद्या घेऊ."

"तुझा उद्या मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तरी हेडफोन काढून तिने नीट जागेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचं गाणं होतं. तिसऱ्या दिवशीही होतं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आता मुखडा आहे आणि पहिलं कडवं आहे. दुसऱ्या कडव्याचं संगीत वाजून तयार आहे. ते गायचं राहिलं.