पट्टी कोणती?

श्रीपादरावांनी देवापुढची समई लावली, मग शेजारच्या कोनाड्यातल्या घरसंगणकाची कळ दाबली आणि देवाकडे पाहावं तसेच त्याच्याकडेही पाहत उभे राहिले. पानाच्या डब्याएवढा, तांब्याच्या रंगाचा तो ठोकळा, आणि त्याच्या तोंडावर काचेचं एक कडं. यंत्र जागं होऊ लागलं की त्या कड्यात उजेड चढत जाई. आधी घरातले दिवे त्याच्या ताब्यात येत, मग पाण्याची मोटर, मग गॅस, मग औषधांच्या वेळा. सोमवारपासून जे होत होतं तेच आज गुरुवारीही झालं. उजेड अर्ध्या कड्यापर्यंत चढला आणि थांबला. अगदी अष्टमीचा चंद्र.

"पौर्णिमा काही होत नाही बाबा तुझी," ते म्हणाले, तेही कुजबुजत. आतल्या खोलीत वैजयंतीबाई झोपल्या होत्या.

दिवे लागत होते, नळाला पाणी होतं. अडलं होतं ते पुढचं अर्धं, आणि त्या अर्ध्यात वैजयंतीबाईंचा आवाज होता.

मिरजेच्या आसपासच्या देवळांनी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता. त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या की मागच्या ओळीतल्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा पाठ सरळ करून बसत. श्रीपादराव त्यांच्या पेटीला. घरात बायको, देवळात बुवा. आणि 'बुवा' ही हाक त्यांनी घरातही चालू ठेवली होती. प्रत्येक कीर्तनाआधी ते भाता उघडून, जरा वाकून विचारायचे, "बुवा, पट्टी कोणती?" उत्तर ठरलेलं असे, पेटीवरची काळी पाच. "माहीत नसल्यासारखं विचारता," असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि ते ऐकण्यासाठीच ते दर वेळी विचारायचे.

गेल्या श्रावणात पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. शब्द मनात धड तयार होत, पण जिभेला ते उचलता येत नसत. डाव्या हाताने लिहायला घ्यावं तर अक्षरं भलतीच उमटत. मग डॉक्टरांनी कंठपट्टी सुचवली. गळ्याभोवती बांधायची मऊ कापडी पट्टी. माणूस बोलू पाहतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याचे स्नायू बारीकसे हलतात. पट्टी ती हालचाल टिपते, घरसंगणक तिचा अर्थ लावतो आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून जुळवलेल्या आवाजात बोलतो. सुरुवातीला बाईंना 'मीठ द्या' म्हणायचं असे तर यंत्र 'मिठी द्या' म्हणे, आणि श्रीपादराव यंत्राचंच ऐकत. हळूहळू मात्र दोघांचं असं जमलं की पोळी करपल्याबद्दलचा तो जुना खणखणीत टोमणा पुन्हा घरात घुमू लागला. श्रीपादरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा.

परवा, शनिवारी, एकादशी. राममंदिरात आजारपणानंतरचं पहिलं कीर्तन त्याच आवाजात व्हायचं होतं. फलकावर नाव लागलं होतं. आणि सोमवारपासून घर मुकं होतं.

रुबिना मुजावर सकाळीच आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुरुस्तीचं दुकान. तिची आई आणि वैजयंतीबाई एका शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे या घराचा चहा तिला परका नव्हता. तिने वीज तपासली, जोडण्या तपासल्या. मोटरची जोडणी सोडवून यंत्र सुरू करून पाहिलं, दिव्यांची सोडवून पाहिलं, स्वतःजवळचा चांगला स्मृतिखंड बसवून पाहिलं. दर वेळी अष्टमी.

तोवर वैजयंतीबाई काठी टेकत बाहेर येऊन खुर्चीत बसल्या होत्या. रुबिनाने त्यांनाही ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. जुने संगणक पाढे म्हटल्यासारखे सुरू व्हायचे, एकानंतर ठरलेलं दुसरं. हे यंत्र तसं नाही. घरात कशानंतर काय होतं ते पाहून ते आपला क्रम आपणच शिकतं. त्यात आवाजाचा भाग उघडण्याआधी मालक समोर आहे याची त्याला खात्री करून घ्यावी लागते. कायदाच आहे तसा. नाहीतर काकूंच्या आवाजात कुणीही काहीही बोलेल.

"मग बसलीय की समोर," श्रीपादराव म्हणाले.

"ते आपल्याला दिसतं, काका. त्याला पट्टीवरून कळायला हवं, पण यंत्र पूर्ण उठल्याशिवाय पट्टी उठत नाही. इतरांकडे यंत्र कधी बंदच होत नाही, म्हणून हा प्रश्न येत नाही. हे यंत्र रोज रात्री बंद कोण करतं?"

श्रीपादराव करत. दिवा मालवल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. पहाटे पुन्हा समईपाठोपाठ कळ दाबायची. रुबिना हसली. म्हणजे ओळख पटवायला यंत्राने दुसरीच काहीतरी खूण धरली होती. कोणती, ते तिला वाचता येत नव्हतं. यंत्र जे शिकतं ते पुस्तकासारखं पानावर लिहिलेलं नसतं.

"सोमवारपासून घरात काय बदललं?"

"काही नाही. समई तीच, कळ तीच, मी तोच."

त्याच वेळी वैजयंतीबाईंनी डावा हात उचलून कपाळाला लावला. एकदा, दोनदा. श्रीपादराव लगबगीने आत गेले आणि बाम घेऊन आले. चार दिवसांच्या काळजीने डोकं धरलं असणार. त्यांनी प्रेमाने कपाळाला बाम चोळला. बाईंनी तो पदराने पुसून टाकला आणि पुन्हा कपाळाला बोट लावलं, मग गळ्याकडे नेलं. रुबिनाने कंठपट्टी पुढे केली. बाईंनी मान हलवली. पाणी आणलं, तेही नको. नवऱ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की तिला आवाजाची गरजच नव्हती. पेटीवर चुकीचा सूर लागला की हीच नजर यायची.

शेवटी रुबिनाने हातातली, यंत्राला जोडलेली पडद्याची पाटी मिटली. आता एकच उपाय उरला होता, यंत्र कोरं करायचं. मग ते मुकाट्याने सुरू होईल. पण काकूंच्या गळ्याची जी ओळख त्याला झाली होती तीही पुसली जाईल. तिची नक्कल बाहेर कुठे ठेवता येत नाही, तोच कायदा. पुन्हा 'मीठ' आणि 'मिठी'पासून आरंभ. एकादशी हातची गेलीच, आणि या वयात सगळं पुन्हा शिकण्याची उमेद राहते की नाही, हे न बोलताही तिघांना कळलं.

कोरं करायला मालकाचा अंगठा लागतो; आवाज उघडायला मात्र तो चालत नाही. रुबिनाने पाटी पुढे केली. वैजयंतीबाईंनी डाव्या हाताची मूठ वळली आणि अंगठा आत दडवला.

"बुवा, ऐका," श्रीपादराव त्यांच्याजवळ टेकत म्हणाले. "आवाज नसण्यापेक्षा अर्धामुर्धा बरा. मी शिकवीन त्याला पुन्हा."

बाईंनी मूठ सोडली नाही. त्याच मुठीने त्यांनी कपाळाला स्पर्श केला, मग गळ्यापासून छातीपर्यंत एक वळसा काढला, हार घातल्यासारखा. मग मूठ उघडून एक बोट त्या अर्ध्या उजळलेल्या कड्याकडे रोखलं आणि मांडीवर ताल धरला. धीमा, ठाय. तो ताल पेटीवाल्याच्या बोटांना डोक्याआधी कळला.

कीर्तन ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगतात आणि मग थांबतात. कुणीतरी उठून त्यांच्या कपाळी बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं, सगळी सभा नामाचा गजर करते, आणि त्यानंतरच बुवा उत्तररंगाला, म्हणजे गोष्टीला, हात घालतात. गजर झाला नाही तर बुवा पुढे जायचे नाहीत. ते अडलेले नसतात. वाट पाहत असतात.

"बुक्का म्हणतेय ती," श्रीपादराव हळूच म्हणाले. "आणि मी बाम चोळत बसलो."

मग त्यांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. रोज पहाटे कळ दाबली की ते पेटी घेऊन गजर करायचे. आत अंथरुणात पडल्या पडल्या बाई ऐकत. गजर संपता संपता यंत्र पूर्ण उठल्याची घंटी वाजायची, हे त्यांनाच ठाऊक असणार. रविवारी डॉक्टर म्हणाले, पहाटे त्यांना झोप मिळाली पाहिजे. म्हणून सोमवारपासून श्रीपादराव पूजा मनातल्या मनात करत होते. पायाला बांधून वाजवायचा टाळसुद्धा त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

"काका, मघाशी विचारलं तेव्हा काही बदललं नाही म्हणालात."

"अगं, गप्प बसलो मी. गप्प बसण्यात बदल कसला?"

त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पेटी ओढली आणि कड्यात अष्टमी उगवताच मोकळ्या गळ्याने गजर धरला. चार दिवसांचं कोंडलेलं नाम. खिडकीच्या काचा हलल्या असतील. आवर्तनामागून आवर्तनं झाली. उजेड तसूभरही हलला नाही. त्यांचा भाता आपोआप मंदावला. बाईंच्या चेहऱ्यावरची आशा विझताना पाहवेना, म्हणून ते पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिले.

रुबिना मात्र पाटीवर काहीतरी शोधत होती. यंत्र काय शिकलं ते वाचता येत नसलं, तरी जागं होताना त्याने काय ऐकलं ते थोडे दिवस त्याच्याजवळ राहतं. तिने मागच्या शनिवारची पहाट काढली. आधी पेटी, मग श्रीपादरावांचा दणदणीत गजर. तिने पेटीचा सूर चाळणीने वेगळा करावा तसा बाजूला काढला. मग टाळ. मग श्रीपादरावांचा आवाज.

"काका, रोज पहाटे तुमच्याबरोबर कोण म्हणतं?"

"कोण म्हणणार? मी एकटाच."

"दोन आवाज आहेत."

तिने पाटीचा आवाज वाढवला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, घोगरा, खालच्या सुरातला, तुटत तुटत पण तालात चाललेला एक आवाज आला. राम... कृष्ण... हरी. खणखणीत नव्हता तो. जुन्या ध्वनिमुद्रणांतला तर नव्हताच. श्रीपादरावांच्या एका कानाला कमी ऐकू येई, आणि गजरात रंगले की ते दुसऱ्याही कानाचं ऐकत नसत. पण आता त्यांनी ऐकलं. श्रावणापासून न ऐकलेला आपल्या बायकोचा आवाज.

रुबिनाने असं वाचलं होतं की बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधी कधी शाबूत राहतं. मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या. गळा शोधणाऱ्या यंत्राने तो गाता आवाज पहाटे पहाटे नेमका टिपला होता, आणि मालकाची खूण म्हणून तोच धरून ठेवला होता. वैजयंतीबाई स्वतःच अवाक होऊन पाटीकडे पाहत होत्या. त्यांचा हात तोंडाशी गेला होता.

श्रीपादराव उठले. देवाजवळच्या डबीतला बुक्का त्यांनी बायकोच्या कपाळी लावला. तसबिरीवरचा शेवंतीचा हार उतरवून तिच्या गळ्यात घातला. मग पेटीशी बसले, आणि या वेळी त्यांनी गजर अगदी हळू धरला, दुसऱ्या कुणाचा तरी ऐकू यावा इतका हळू. रुबिनाने मांडीवर ताल धरला. पहिलं आवर्तन रिकामं गेलं. दुसऱ्याला बाईंचे ओठ हलले. तिसऱ्याला सूर लागेना तशी श्रीपादरावांची बोटं खाली खाली उतरत गेली, पांढरी तीनपर्यंत, आणि तिथे तो घोगरा आवाज येऊन त्यांना भेटला.

कड्यातला उजेड हलला. चढला. पूर्ण वर्तुळ झालं आणि घंटी वाजली, पण तिकडे पाहायला कुणाची मान वळली नाही.

बऱ्याच वेळाने रुबिनाने जागी झालेली कंठपट्टी बाईंच्या गळ्यात बांधली, हाराच्या आत. तो जुना, काळी पाचचा लखलखीत आवाज खोलीत आला.

"मला वाटायचं, मी स्वप्नात म्हणते."

मग तोच आवाज म्हणाला, "आणि बामाचा वास येतोय मला अजून."

श्रीपादराव हसले आणि रडलेही. रुबिनाने सामान आवरलं. शनिवारी आपण देवळात येऊ आणि यंत्र जोडून ठेवू; ते वापरायचं की नाही ते काकूंनी ठरवावं, असं सांगून ती निघाली.

घरात दोघंच उरली. श्रीपादरावांनी भाता उघडला आणि सवयीने, जरा वाकून विचारलं, "बुवा, पट्टी कोणती?"

बोलून गेल्यावर आपण काय विचारलं ते त्यांच्या ध्यानात आलं. वैजयंतीबाईंचा हात गळ्यातल्या पट्टीकडे गेला आणि गाठीवर थांबला. त्या गाठ सोडत नव्हत्या आणि घट्टही करत नव्हत्या. श्रीपादरावांचं एक बोट काळी पाचवर होतं, दुसरं पांढरी तीनवर. दोन्हींतली कुठलीही न दाबता ते वाट पाहत राहिले.