नवव्या दिवशी आणलेला मासा

एक दुकान डोळ्यांसमोर आणा बरं. चष्म्यांचं. आत शिरल्यावर डाव्या हाताला आरसे, उजव्या हाताला ओळीनं मांडलेल्या फ्रेम, आणि मधे, जिथे गिऱ्हाईक आपली पाळी येईपर्यंत बसतं, तिथे काचेची एक लांबलचक टाकी. खाऱ्या पाण्याची. आत खडक, पांढरी वाळू, शेवाळ खात सरकणाऱ्या चार गोगलगाई आणि पाच मासे. दिसलं? आता त्या काचेला नाक लावून उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी बघा. तिचे पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. आणि काउंटरमागे बसून इवलासा स्क्रू आवळतेय, ती तिची आत्या.

टाकी आत्याच्या वडिलांची. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. पाच माशांतला एक क्लाउनफिश, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, आत्या शाळेत असताना वडिलांनी आणलेला. त्याचं नाव पैलवान. पंधरा वर्षं तो वडिलांच्या बोटांतून खाणं घेत आला, आणि आता तिच्या. सकाळी दुकान उघडलं की ती आधी पैलवानाशी बोलायची, मग गिऱ्हाइकांशी. दुकानात वडिलांना ओळखणारं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

एका दुपारी एक माणूस दारातल्या पायरीला अडखळत आत आला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं. बसा."

चष्मा तिच्या हातात देऊन तो बसला. मग हळूच उठला आणि भिंगरीच्या शेजारी, टाकीला नाक टेकवून उभा राहिला.

"तुमच्या माशाला खाज सुटलीय."

"काय?"

"तो निळा. खडकाला अंग घासतोय बघा."

"खेळतोय तो."

"मासे असं खेळत नाहीत, बाई."

"अस्सं? चष्म्याशिवाय तुम्हाला माशाची खाज दिसते, आणि मघाशी एवढी मोठी पायरी दिसली नाही?"

भिंगरी खुदकन हसली. तोही हसला — आणि हसताना त्याचे कान लाल झाले. आत्यानं ते पाहिलं, आणि उगाचच स्क्रू पुन्हा एकदा आवळला.

समुद्री माशांच्या आजारांवर इलाज करणं हाच त्याचा धंदा होता. त्यानं टॉर्च मागितला, बाजूनं उजेड टाकला आणि भिंगरीला म्हणाला, "सांग, काय दिसतं?"

"मीठ सांडलंय त्याच्या अंगावर."

"शाब्बास! ते मीठ नाही, किडा आहे. माशाच्या कातडीत घर करतो. पोट भरलं की खाली वाळूत पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पुन्हा मासे शोधत वर येतात. मग आपण काय करायचं?"

भिंगरीनं विचार केला. "मासेच काढून घ्यायचे. मग पिल्लं उपाशी."

तो आत्याकडे वळला. "हिला माझ्याकडे नोकरी द्या."

"आधी तुम्ही चष्मा घाला," आत्या म्हणाली.

मासे मागच्या खोलीत गेले, जिथे काचा घासायचं यंत्र होतं. तिथे त्यानं साधी टाकी मांडली. वाळू नाही, खडक नाही, लपायला दोन पाइपचे तुकडे. औषध तांब्याचं. मोठ्या टाकीत ते टाकायचं नाही, कारण गोगलगाई मरतात आणि खडक तांबं शोषून बसतात. प्रमाण थोडं कमी पडलं तर किडा मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून दिवसाआड पाणी तपासायचं: नळीत थेंब टाकायचे आणि येणारा निळा रंग तक्त्याशी जुळवायचा.

मोठी टाकी अकरा आठवडे माशांविना ठेवायची होती. अकरा आठवडे, दिवसाआड.

"हा निळा तिसरा की चौथा?" नळी उजेडात धरून तो विचारायचा.

"तिसरा."

"नीट बघा. माझे डोळे काही एवढे चांगले नाहीत."

"तुमचा नंबर मीच तपासलाय, वैद्यबुवा. एवढे काही वाईट नाहीत."

"मग दोघांनी मिळून बघू..."

आणि दोन डोकी एका नळीवर वाकायची. त्याच्या बाहीला समुद्राच्या मिठाचा वास असायचा. तिच्या बोटांना काच पुसायच्या द्रवाचा. सहाव्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि ते कोणी आधी म्हटलं यावरून दोघं भांडले.

भिंगरीला तो धडे द्यायचा. सगळ्यात मोठा धडा असा: "रोग आपोआप उगवत नाही. तो बाहेरून येतो, नवा मासा, नवा खडक, दुसऱ्या टाकीचं पाणी, यांच्याबरोबर. म्हणून नवा मासा तीस दिवस वेगळा ठेवायचा. कितीही गोजिरा दिसला तरी. एकोणतीस नाही — तीस!" तो मासे आणून ठेवायचा त्या त्याच्या कामाच्या खोलीत प्रत्येक टाकीवर पांढऱ्या पट्टीवर तारीख लिहिलेली असायची. मासा आला तो दिवस.

अकरा आठवड्यांनी पाचही मासे मोठ्या टाकीत परतले. पैलवान आपल्या जुन्या खडकापाशी गेला, एक गोल फेरी मारली आणि आत्याच्या बोटांकडे आला. तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानं ते बघितलं आणि मुद्दाम भिंगरीला पाण्याचं तापमान विचारलं.

मग आत्याचा वाढदिवस आला. मंगळवार होता. तो बादली घेऊन आला. आत एक छोटी क्लाउनफिश, जेमतेम अंगठ्याएवढी.

"पैलवान किती वर्षं एकटा राहणार?" तो म्हणाला. "कुणाला तरी... म्हणजे, कुणीतरी विचारायला हवं ना त्याला."

"पैलवानाला?"

"...पैलवानाला नाही. तुला, लग्नाचं."

त्याचे कान पुन्हा लाल. आत्यानं बादलीत बघितलं. मग हळूच विचारलं, "हिचे तीस दिवस झाले ना?"

"मी आणलीय ना?" तो हसला.

तीही हसली. आणि छोटी टाकीत गेली.

"उत्तर?" त्यानं विचारलं.

"पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या."

"म्हणजे बारा दिवस मला वेगळं ठेवणार?"

"तीस नाही ठेवलं, हे नशीब समज."

उत्तर तिचं ठरलेलंच होतं. नुसतं हातात धरून ठेवायला तिला बरं वाटत होतं, एवढंच.

सहा दिवसांनी, सोमवारी सकाळी, पैलवान खायला आला नाही. पंपाच्या धारेत तोंड खुपसून तो धापा टाकत होता. निळाही तसाच. छोटी तळाशी पडलेली.

आत्याचा फोन गेला, आणि तो धावत आला. बाजूनं टॉर्च मारला. या वेळी मिठाचे दाणे नव्हते. पैलवानाच्या अंगावर बारीक, सोनेरी धूळ होती... दिसायला सुंदर.

"मखमल," तो म्हणाला. "याला मखमल म्हणतात. हा किडा आधी कल्ल्यांत बसतो. वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

दोन दिवस तो दुकानातून हलला नाही. एकेका माशाला पाच पाच मिनिटं गोड्या पाण्यात धरलं, म्हणजे किडा फुटतो. मग तांब्याची टाकी, हवेचे दोन पंप. आत्यानं दुकानाला बंदची पाटी लावली. नळीतला निळा आता ती एकटीच बघत होती. तो माशांपासून उठतच नव्हता. ते बघून, खरं सांगायचं तर, तिला तो आणखीनच आवडला.

मंगळवारी छोटी गेली, निळा गेला, दुसरे तीन गेले. पैलवान बुधवारी दुपारी आत्याच्या तळहातावर गेला. तिनं त्याला बराच वेळ पाण्यातच धरून ठेवलं.

तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. तिनं आत्याकडे बघितलं, मग जाळी धुणाऱ्या त्याच्याकडे गेली.

"काका... मी हात घातला होता टाकीत."

"कधी?"

"रविवारी. पैलवानाला भरवायला, आत्यासारखं. हात धुतला नव्हता. जॅम होता हाताला." तिनं हात पाठीमागे लपवले. "त्यानं झालं का?"

जाळीतून पाणी टपकत होतं. त्यानं जाळीकडेच बघितलं.

"असेल," तो म्हणाला. "हातानं होतं असं कधीकधी. पुन्हा नाही घालायचा, हं?"

फार मायेनं म्हणाला तो. आत्यालाही ऐकू गेलं ते.

त्या दिवसापासून भिंगरीनं हात खिशात घातले. काच शिवेना. फ्रेमला, आरशाला, कशालाच हात लावेना. दार उघडायचं तर बाही पुढे ओढून. "काय गं, थंडी वाजते?" तिच्या बाबांनी विचारलं, तर नुसती मान हलवली.

ठरलेला रविवार आला. आत्या 'हो' म्हणायला निघाली. दुःख होतं, पण दुःखात दोन दिवस बाजूला उभा राहिलेला माणूस होता. त्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. ओळीनं टाक्या, बुडबुड्यांचा आवाज, तो मागे नळाशी. एक छोटी टाकी रिकामी होती. तिच्यावर पट्टी अजून तशीच: 'चष्मेवालीसाठी'. खाली तारीख.

ती आधी हसली. मग तारखेपासून आपल्या वाढदिवसापर्यंत तिनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"नऊ," ती म्हणाली.

तो हात पुसत पुढे आला, आणि तिचं बोट पट्टीवर बघून जागीच थांबला.

"वाढदिवस होता तुझा... मासा अगदी चांगला दिसत होता गं. खात होता. मला वाटलं, एवढी वर्षं करतोय, मला कळेल."

"तू कुणालाही नऊ दिवसांत मासा दिला नसतास."

"नाही. कुणालाच नाही. तुलाच दिला."

तिच्या मनात राग शोधून सापडेना. माणूस घाईला येतो. प्रेमात तर येतोच. वडील असते तर तेही हेच म्हणाले असते.

"पैलवान गेला, ते मी सोडून देईन," ती शेवटी म्हणाली. "आत्ता, इथंच. पण भिंगरीचा हात?"

त्यानं फडकं पुन्हा हातांवरून फिरवलं.

"जॅमनं मखमल होते?"

"...नाही."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तू समोर होतीस. पैलवान तुझ्या हातात होता. मला वाटलं, मी बोललो तर सगळंच जाईल. आणि ती लहान आहे. विसरेल."

"चार दिवस ती खिशात हात घालून फिरतेय, माहितेय? जेवताना चमचा बाहीनं धरते." आत्यानं पर्स खांद्यावर घेतली. "मी तुला 'हो' म्हणायला आले होते. हे तुला सांगून जाते, नाहीतर तू आयुष्यभर विचार करत बसशील."

"मी सांगतो तिला. आत्ता चल, मी स्वतः..."

"नको. तू गोड बोलशील. आणि तिला तू आवडतोस. ती लगेच तुला माफ करून टाकेल." दारात ती वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "मला तुझं बोलणं फार आवडायचं रे. तेच आता अंगावर येतं."

तो पायरीपर्यंत आला. पुढे आला नाही.

दुकानात भिंगरी टाकीपासून दूर, खुर्चीत बसली होती. टाकीत पाणी होतं, खडक होते, गोगलगाई होत्या. आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. नऊ दिवस. नवा मासा. आणि 'असेल' म्हणणं.

"तुझ्या हातानं काहीही झालेलं नाही. काहीही. हात धुवायला हवा होता, ते वेगळं. पण यात तुझा हात नव्हता."

"काकांना माहीत होतं?"

"होतं."

"मग ते आता येणार नाहीत?"

"नाही."

"तुला ते आवडायचे ना?"

"हो गं. खूप."

भिंगरी खुर्चीतून उतरली, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, नळाखाली कितीतरी वेळ धरले आणि फडक्यानं पुसले. स्टूल ओढत टाकीपाशी आणलं, वर चढली, बाही खांद्यापर्यंत सारली आणि त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. पैलवानाला भरवताना धरायची तशी बोटं जुळवून, ती तिथेच उभी राहिली.