टाकीतून आलेलं उत्तर

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल खोटं समजावं. माझ्या मामाला गोष्टी रचता येत असत्या, तर त्याने जन्मभर टाक्या खरवडल्या नसत्या.

मामा रसायनांच्या कारखान्यात आहे. तिथे उंच लोखंडी टाक्या आहेत. माल काढला की तळाशी चिकट गाळ उरतो आणि तो खरवडायला माणूस उतरतो. वरच्या तोंडातून शिडीने, कमरेला दोर बांधून. दुसरा वर दोर धरून बसतो. आतल्या वाफेने माणूस कधी आडवा होईल याचा नेम नाही. वरून वाकून बघावं तर काळोख, आणि डोळ्यांची आग. म्हणून वरच्याने मधून मधून पान्याने पत्र्यावर ठोकायचं आणि आतल्याने उलट ठोकायचं.

उत्तर आलं, तर ठीक.

नाही आलं, तर ओढायचं.

एका शनिवारी भर दुपारी मामीचा धाकटा भाऊ आत होता, मामा वर. हा मेहुणा म्हणजे एक नंबरचा आळशी. चारदा ठोकावं तेव्हा एकदा उत्तर देणार, तेही शिवी हासडून.

त्या दिवशी मात्र उत्तरं चटाचट येत होती.

ठक... ठक.

मामाला आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, सुधारला पठ्ठ्या.

मग त्याने पाना उचलला. अजून ठोकलाही नव्हता...

आतून आवाज आला. ठक.

मामाने हाक मारली. हाकेला ओ नाही. पण ठोकणं चालूच. त्याने दोर ओढला, तर दोराला नुसतं ओझं, हालचाल काही नाही. शेजारच्या टाकीवरचा वेल्डर धावत आला. दोघांनी मिळून मेहुण्याला बाहेर काढलं. तोंड काळंनिळं, डोळे पांढरे. मामा त्याच्या गालांवर चापट्या मारत होता, आणि त्याच वेळी...

रिकाम्या टाकीतून आवाज येत होता.

ठक... ठक... ठक.

वेल्डरनेही ऐकलं. तो तसाच निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मामाच्या नजरेला नजर देईना.

मेहुणा शुद्धीवर आला तेव्हा मामाने विचारलं, "तू ठोकत होतास ना रे?"

"कशाने ठोकू, दाजी? उतरल्या उतरल्या पाना गाळात पडला. शोधायला वाकलो, तेवढंच आठवतंय."

मामा तडक साहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उत्तर येत होतं ना? मग ओढलंत कशाला? काम अर्धवट राहिलं."

ऐकूनच माझं टाळकं फिरलं. बरं, त्या टाकीत पूर्वी कोणी मेलंय का, हे तरी विचारावं? मामाने विचारलं होतं. जुनी माणसं उलट त्यालाच म्हणाली, "कुठल्या टाकीबद्दल विचारतोस?"

दुसऱ्या खात्यात बदली द्या म्हणून तो कधीचा डोकं फोडतोय. एकदा मुख्य कचेरीतून एक बाई आल्या होत्या. सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून त्यांनी विचारलं, कामात समाधानी आहात ना? सगळे हो म्हणाले. साहेब बाजूलाच उभे होते, दुसरं काय म्हणणार? मामाही हो म्हणाला. बाई खूश होऊन गेल्या. आता बदलीचं नाव काढलं की साहेब म्हणतात, तुमच्या खात्यात तर सगळे समाधानी आहेत.

मामी म्हणते, "अहो, सोडा ती नोकरी."

"आणि खाऊ काय? हवा? तीही तिथलीच?"

शेवटी दाजी-मेहुण्याने आपसात ठरवलं. ठोकायचं बंद. तोंडाने विचारायचं, तोंडाने सांगायचं. माणसाचा आवाज तर माणसाचाच असतो.

गेल्या आठवड्यात आत उतरायची पाळी मामाची होती. थोड्या वेळाने त्याचं डोकं गरगरायला लागलं. वरून मेहुण्याने विचारलं, "दाजी, ठीक ना?"

मामाने 'ओढ' म्हणायला तोंड उघडलं...

आणि त्याच्या पाठीमागून उत्तर गेलं.

"मजेत आहे रे!"

मामाचाच आवाज.

तो वळला. मागे नुसता पत्रा.

तो जीव खाऊन ओरडला, "ओढ! मला वर ओढ!"

वरून हसू आलं. "बरं बरं, होऊ द्या सावकाश."

कसाबसा शिडी धरून, पाय घसरत मामा स्वतःच वर आला. मेहुणा बघतच राहिला. "एवढ्यात आलात? आत्ता तर म्हणालात, अजून थोडा वेळ राहतो."

मामा पुन्हा साहेबांकडे गेला. साहेबांनी मेहुण्याला बोलावून विचारलं, आणि त्याने बिचाऱ्याने जे ऐकलं तेच सांगितलं. झालं. विषय संपला.

हे सगळं मामाने मला काल संध्याकाळी, त्याच्या घरी बसून सांगितलं. सारखा खोकत होता. उद्या पुन्हा त्याच टाकीत उतरायचंय म्हणाला. मी चिडून म्हटलं, "जाऊ नकोस ना! काय व्हायचं ते होऊ दे." त्याने मान खाली घातली. विचार करत होता. मला वाटलं, आता हा 'नाही जात' म्हणणार.

तेवढ्यात मामी दारात आली. डोळे रडून सुजलेले. "अहो, शेवटचं विचारते. उद्या जाणार आहात का?"

मामाने मान वर केली. त्याच्या तोंडावर 'नाही' हेच उत्तर स्पष्ट दिसत होतं, शप्पथ सांगतो.

"हो, जाणार."

मी त्याला चिकटून बसलो होतो. त्याचे ओठ हलले नव्हते...

मामीने डोळे पुसले आणि त्याचे कामाचे कपडे काढायला आत गेली.