उजवीकडचा आवाज गेला कुठे?

"परत वाजव," क्षिप्रा म्हणाली.

गीतांजलीताईने तारा छेडल्या. डावीकडचा अ‍ॅम्प्लिफायर घुमला. उजवीकडचा मात्र मख्खासारखा बसून राहिला.

आणि कार्यक्रम आजच संध्याकाळी होता! कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीत दर मे महिन्यात मुलांचा कार्यक्रम व्हायचा. यंदा त्यात क्षिप्राची चुलतबहीण गीतांजली गिटार वाजवणार होती. तिच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांचा कंप पकडणारे दोन पिकअप होते. एकाचा आवाज गोल आणि घुमणारा, दुसऱ्याचा टोकदार. पण दोन्ही आवाज एकाच वाटेने, एकमेकांत मिसळून बाहेर पडायचे. तेरा वर्षांच्या क्षिप्राने ताईच्या मागे भुणभुण लावून परवानगी मिळवली, गिटार उघडली आणि दोन्ही आवाजांना वेगवेगळी वाट करून दिली. गोल आवाज डावीकडे, टोकदार उजवीकडे. परवा दुपारी वाजवून पाहिलं तेव्हा ताई दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या मधोमध डोळे मिटून बसली होती. त्या दिवशी क्षिप्राचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आज तिला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. तिचे बाबा, विलास, तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स सांभाळायचे. त्यांनी दारातूनच निकाल देऊन टाकला. क्षिप्राचाच एखादा सोल्डरचा टाका सुटला असणार. ताईने कुणाची तरी साधी गिटार मागून आणावी, ही दुकानात द्यावी, आणि सोल्डरिंग आयर्न आजपासून कुलपात.

"दहावी होईपर्यंत," असं म्हणून ते चहा प्यायला आत निघूनही गेले.

दहावी म्हणजे अजून दोन वर्षं! क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं काहीच उघडायचं नाही, जोडायचं नाही, म्हणजे सुट्टीत करायचं तरी काय?

"रडतेस काय? शोधूया ना," तिसऱ्या मजल्यावरचा शौनक म्हणाला. त्याच्या तोंडाचा पट्टा एरवी सतत चालू असायचा, पण आज तो चक्क कामाला लागला. त्याने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या पिना अदलाबदल करून पाहिल्या. आता उजवा गायला लागला आणि डावा गप्प झाला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत होते. क्षिप्राने गिटारचं झाकण उघडलं. तिचे टाके जागच्या जागी होते, चकचकीत आणि घट्ट. तिला जरा धीर आला. मग उरली फक्त गिटारपासून दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी वायर.

जवळच्या गावात राहणारी तिची मैत्रीण मनस्वी जमिनीवर मांडी घालून वायरीवरून हात फिरवत होती. गिटारकडच्या टोकाशी तिचा हात थांबला.

"ही पिन नवी हाय गो. परवा हिला चिकटपट्टी गुंडाललेली व्हती."

क्षिप्राने पिन हिसकावूनच घेतली. दोन आवाजांच्या पिनेवर दोन काळी वळी असतात. हिच्यावर एकच होतं! तिने घाईघाईने पिनेचं टोपण फिरवून काढलं. आत एका आवाजाची वायर बरोबर जागी होती. दुसऱ्या आवाजाची वायर मात्र सरळ अर्थिंगच्या टोकाला, म्हणजे आवाज जिथे विरूनच जातो तिथे, जोडलेली होती, तीही अगदी सुबक. तिच्यावर आकडा छापलेली एक इवलीशी पिवळी नळी चढवलेली होती.

"इतका नीटनेटका शत्रू मी पहिल्यांदाच पाहतोय," शौनक म्हणाला.

मनस्वीने दारावरच्या बेलकडे बोट दाखवलं. बेलच्या वायरींवर तशाच पिवळ्या नळ्या होत्या. पंख्याच्या वायरींवर होत्या. या घरातली एकही वायर त्या नळीशिवाय नव्हती, कारण वायर ओळखता यावी म्हणून तिला आकडा लावायची कारखान्यातली शिस्त बाबांनी घरीही आणली होती.

क्षिप्रा तावातावाने आत निघाली, तसं शौनकने तिला धरून ठेवलं. थेट आरोप केला तर काका भडकणार आणि संध्याकाळ हातची जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतःच भोळा चेहरा करून स्वयंपाकघरात शिरला.

"काका, तुमच्या कारखान्यात एखाद्या केबलमध्ये जास्तीची वायर उरली, तर ती तशीच सोडता?"

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवडता विषय निघाला होता.

"तशीच? अरे, एखाद्याच्या जिवावर बेतेल. जास्तीची वायर अर्थिंगला जोडून टाकायची, नियमच आहे आमच्याकडे."

"आणि घरी?"

"घरीही तेच. हाताला सवयच आहे. काल नाही का, त्या गिटारची पिन ढिली होती म्हणून मी..."

बाबा मध्येच थांबले. दारात क्षिप्रा उभी होती, तळहातावर ती पिन घेऊन.

"बाबा, ती वायर जास्तीची नव्हती," ती म्हणाली. "तो उजवीकडचा आवाज होता."

बाबांनी चष्मा लावला. पिन जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. ऐन कार्यक्रमात पिन निसटू नये म्हणून त्यांनी ती गुपचूप बदलली होती, नव्या पिनेत जागा न मिळालेली वायर सवयीने अर्थिंगला जोडून टाकली होती, आणि मग ते पार विसरून गेले होते. क्षिप्राला त्यांचा भयंकर राग आला होता. पण त्यांचा पडलेला चेहरा बघून तिला वाईटही वाटलं.

"मला नुसतं विचारायचं तरी," ती म्हणाली.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

ते उठले आणि हत्यारांच्या पिशवीतून जुनी पिन शोधून घेऊन आले. त्यांच्या हातून काही फेकलं जायचं नाही, हे आज कामी आलं. क्षिप्राने टाके घातले आणि बाबांनी पिन चिमटीत धरून ठेवली. बोटं पोळली तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये ताईने पहिला सूर छेडला. गोल आवाज डावीकडून उठला, टोकदार आवाजाने उजवीकडून उत्तर दिलं, आणि पहिल्या रांगेतल्या आज्यांच्या माना एकदा इकडे, एकदा तिकडे वळायला लागल्या. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. सोसायटीचे सेक्रेटरी बाबांजवळ आले आणि वायरिंग त्यांचंच असणार म्हणून त्यांची पाठ थोपटायला लागले.

"माझं नाही," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या मुलीचं. मी हात घातला तेव्हा उलट बिघडलं होतं."

आज्यांच्या माना आता क्षिप्राकडे वळल्या. सेक्रेटरींनी तिला मुद्दाम पुढे बोलावून शाबासकी दिली. तिचे कान लाल झाले.

तेवढ्यात उजवीकडचा अ‍ॅम्प्लिफायर गुणगुण करायला लागला. बाबांचा हात सवयीने तिकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं.

"क्षिप्रा, हात लावू का गं?"

"लावा," ती म्हणाली. "पण काय करताय ते आधी सांगा."