आवाजाच्या आधी

ताई पहिल्यांदा डॉक्टरांच्या खोलीत आल्या तेव्हा सगळं बोलणं त्यांच्या धाकट्या बहिणीनंच केलं. बहीण त्यांना ताई म्हणायची. तेच नाव मग डॉक्टरांच्याही तोंडी बसलं.

बहिणीच्या हातात काठी होती. दोघी टॅक्सीनं घरी परतत असताना चौकात एका ट्रकनं टॅक्सीला बाजूनं धडक दिली होती. बहिणीच्या पायाचं हाड मोडलं. ताईंना साधं खरचटलंसुद्धा नाही.

"माझं सोपं झालं, डॉक्टर," बहीण हसत म्हणाली. "प्लास्टर दाखवलं, एक्स-रे दाखवला, विमा कंपनीनं मुकाट्यानं भरपाई दिली. हिच्याकडे दाखवायला काही नाही ना, म्हणून हिचं घोडं अडलंय."

ताई एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवत. मेणाच्या साच्यावर बारीक सुरीनं एकेका दाताची कड कोरायची, असं नाजूक काम. अपघातापासून त्या सारख्या दचकायच्या आणि सुरी घसरायची. दंतवैद्यानं काही दिवस सांभाळून घेतलं, मग "पूर्ण बरं वाटलं की या" असं गोड शब्दांत सांगून टाकलं. कंपनीचं म्हणणं, हे सोंग आहे. खरं काय ते दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या मानसोपचारतज्ज्ञानं ठरवायचं होतं, आणि ते काम या डॉक्टरांकडे आलं होतं.

सोंग करणारे डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले होते. असा माणूस दचकला की लगेच चोरून समोरच्याकडे बघतो, पाहिलं की नाही म्हणून.

"झोप लागते का?" त्यांनी विचारलं.

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि एकदम दचकल्या. खांदे कानांना भिडले, डोळे गच्च मिटले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्या फक्त थांबून राहिल्या.

मग बाहेरचं दार धाडकन आपटलं.

या वेळी डॉक्टर दचकल्या, बहीण दचकली. ताईंनी मात्र सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाल्या, "लागते. पण मोडते."

त्या दोघी गेल्यावर कितीतरी वेळानं डॉक्टरांच्या लक्षात आलं, की इथे काहीतरी उलटं घडलं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर ताईंच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं, नीटनेटकं घर. खिडकीत कुंड्या, खुर्च्यांच्या पायांना फडक्यांचे बूट. ताईंच्या नवऱ्यानं कॉफी आणली. तो कप ठेवत असतानाच ताई दचकल्या. नवऱ्यानं ट्रे टेबलावर टेकवला, हात मोकळे केले आणि निमूटपणे उभा राहिला.

"सवय झालीय," तो ओशाळून म्हणाला. "ही दचकली की मी हातातलं आधी खाली ठेवतो. तरी काहीतरी पडतंच."

बोलणं पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांची कॉफी अर्धी झाली, आणि वरच्या मजल्यावर काहीतरी जड असं कोसळलं, की छताची धूळ ट्रेमध्ये आली.

"पूर्वी लगेच यायचा आवाज," ताई हळूच म्हणाल्या. "आता वाट बघावी लागते. तेच जास्त वाईट."

कान तीक्ष्ण झाले असतील, डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली. जमिनीतून हादरा आधी कळत असेल. किंवा निव्वळ योगायोग. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि मोबाइल पुढे धरला. कंपनीच्या माणसानं ताईंवर पाळत ठेवली होती. चित्रफितीत ताई एका शांत रस्त्यावरून चालत होत्या. एका छत्र्यांच्या दुकानासमोर त्या अचानक डोकं धरून खाली बसल्या.

"ऐकलंत काही?" वकील म्हणाले. "चिटपाखरू नाही! कसला आवाज आणि कसलं दचकणं? आमच्या डोळ्यांत धूळ फेकतायत बाई."

"पुढचं दाखवा."

"पुढे काय? त्या उठून गेल्या. आमचा माणूस त्यांच्या मागे गेला."

डॉक्टर त्याच दुपारी त्या दुकानात गेल्या. गरज नसताना त्यांनी एक छत्री उघडून पाहिली, मिटली आणि त्या बाईंबद्दल विचारलं.

"हो, बसल्या होत्या खरं," दुकानदार म्हणाला. "मी पाणी द्यायला उठलो, तर निघूनच गेल्या. बरं झालं म्हणा. नंतर मी डबा उघडून जेवायला बसलो आणि त्याच जागी एका टेम्पोचा टायर फुटला. माझ्या घशात घास अडकला हो!"

रिकाम्या हातानं परतणं बरं वाटेना, म्हणून डॉक्टरांनी छत्री विकत घेतली.

पुढच्या भेटीसाठी त्यांनी एक बेत आखला. टेबलाच्या कडेला पितळी पेपरवेट ठेवला. बोलता बोलता तो खाली पाडायचा, कधी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताई आल्या. दंतवैद्याकडच्या एका आजोबांची गंमत सांगू लागल्या; त्यांना नव्या कवळीतही पूर्वीसारखाच एक दात वाकडा हवा होता, नाहीतर बायको ओळखणार नाही म्हणत होते. दोघी हसल्या. हसता हसताच ताई दचकल्या.

डॉक्टरांचा हात पेपरवेटजवळ होता. त्यांनी तो उचलला. मनात आलं, आता पाडणारच नाही. बघू या. त्यांनी तो खणात ठेवला, खण लावला. ताई त्यांच्या हाताकडे पाहत होत्या.

"माझ्यासाठी नका करू असं काही," त्या म्हणाल्या.

भेट संपली. ताई निघून गेल्या. डॉक्टर बसून राहिल्या. आवाज काही झाला नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि का कोण जाणे, थोडी निराशाही झाली. घरी निघताना त्यांनी चष्म्यासाठी खण ओढला. खण अडकला. त्यांनी जोर लावला तसा तो आख्खाच्या आख्खा निसटला आणि पेपरवेटसकट फरशीवर आदळला.

आवाज विरला तरी त्या तशाच वाकून उभ्या होत्या.

सुनावणीत डॉक्टरांनी यातलं काही सांगितलं नाही. इजा खरी आहे, एवढंच ठामपणे सांगितलं. ताईंचा दावा मंजूर झाला. बहिणीनं तिथेच ताईंना मिठी मारली, नवऱ्यानं डोळे पुसले. वकीलसुद्धा खिलाडूपणे हात मिळवून गेले.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ऊन पसरलं होतं. डॉक्टरांच्या हातात गाडीची किल्ली होती.

"येते मी," त्या म्हणाल्या. "काळजी घ्या."

ताई दचकल्या.

पण या वेळी त्यांनी स्वतःचं डोकं धरलं नाही. त्या झेपावल्या, डॉक्टरांना भिंतीशी दाबून धरलं आणि त्यांच्या डोक्यावर आपले दोन्ही हात पसरले.

सगळे थांबले. कुठेही आवाज नव्हता. लांब कुणीतरी फरशी पुसत होतं.

"ताई, अगं, काय हे!" बहीण कसनुसं हसली.

ताईंनी पकड सैल केली. त्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या. त्या नजरेत भीती नव्हती. आजाऱ्याकडे बघताना असते तशी माया होती.

"आता किती वेळ?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

माहीत नाही, अशी ताईंनी मान हलवली. मग बोटांच्या चिमटीनं त्या डॉक्टरांच्या केसांतून काहीतरी वेचू लागल्या. अगदी हलक्या हातानं, काचेचे तुकडे काढावेत तसं.

केसांत काहीच नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला. त्यांच्या बोटाच्या टोकावर रक्ताचा बारीक थेंब आला होता.